बांधकामावरचा कचरा कमी करून खर्च आटोक्यात कसा ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधकामावरच्या कचऱ्याचा विषय निघाला की बोलणं डंपरच्या फेऱ्यांवर सुरू होतं आणि तिथेच संपतं. खरं तर डंपर भरतो तोवर पैसा कधीच गेलेला असतो. तो जातो ड्रॉइंगवर, ऑर्डरच्या कागदावर, गोदामात आणि गवंड्याच्या ओळंब्यापाशी. म्हणून पुढची बरीच उत्तरं राडारोडा तयार होण्याआधीच्या कामांबद्दल आहेत.

राडारोडा उचलण्याचा खर्च एकूण खर्चात किरकोळ असतो. मग त्यासाठी एवढी धडपड कशाला?

उचलण्याचा खर्च हा कचऱ्याच्या किमतीतला शेवटचा आणि बहुतेक वेळा सर्वांत लहान भाग असतो. एका फुटलेल्या ब्लॉकचं उदाहरण घ्या. तो विकत घेतला, गाडीने आणला, उतरवून रचला, मजल्यावर चढवला. गवंड्याने तो कापला, अर्धा लावला आणि अर्धा खाली टाकला. तो अर्धा कोणीतरी गोळा केला, खाली उतरवला, गाडीत भरला आणि पैसे देऊन टाकून दिला. यातल्या प्रत्येक पायरीला मजुरी पडली. हिशोबाच्या वहीत मात्र ‘कचरा’ या नावाखाली फक्त शेवटची फेरी दिसते. बाकीचं सगळं माल, मजुरी आणि वाहतूक या खात्यांत विरघळून जातं, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आपल्या साइटवर नासाडी नेमकी किती होते, हे कसं कळणार?

मालाचा ताळमेळ घालून. सुरुवातीचा साठा आणि आवक यांची बेरीज करायची, त्यातून शेवटचा साठा वजा करायचा. हा झाला प्रत्यक्ष वापर. तेवढ्याच काळात झालेल्या कामाचं मोजमाप घेऊन हिशोबाप्रमाणे किती माल लागायला हवा होता, ते काढायचं. दोन्हींतला फरक म्हणजे नासाडी, चोरी किंवा मोजण्यातली चूक.

समजा, महिन्याच्या सुरुवातीला सिमेंटच्या १२० गोण्या होत्या, ८०० आल्या आणि अखेरीस ९५ उरल्या. वापर झाला ८२५. कामाच्या मोजमापाप्रमाणे ७८० लागायला हव्या होत्या. ४५ गोण्या जास्त गेल्या, म्हणजे जवळजवळ ६ टक्के. आता प्रश्न विचारायला जागा मिळाली: प्लास्टर जाड झालं का? गोण्या भिजल्या का? मिश्रणाचं प्रमाण चुकलं का?

हा ताळमेळ आठवड्याला घाला. महिन्याने घातला तर कारण कोणालाच आठवत नाही, आणि काम संपल्यावर घातला तर तो फक्त वादाला कामी येतो.

सुरुवात कोणत्या मालापासून करावी?

सर्वांत मोठा ढीग आणि सर्वांत महाग कचरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढीग माती, वीट-ब्लॉकचे तुकडे आणि काँक्रीटचा असतो. पैसा स्टील, सिमेंट, काँक्रीट आणि फिनिशिंगच्या मालात जास्त अडकलेला असतो. केबलचा एक उरलेला तुकडा खिशात मावतो, पण त्याची किंमत घमेलंभर राडारोड्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून मालाची यादी एकूण किमतीच्या उतरत्या क्रमाने लावा, वरचे पाच-सहा प्रकार निवडा आणि ताळमेळ फक्त त्यांचाच काटेकोर ठेवा. सगळंच मोजायला गेलं की पंधरा दिवसांत काहीच मोजलं जात नाही.

साइट स्वच्छ आहे, राडारोडा फारसा निघत नाही, तरी माल जास्त का लागतो?

कारण सर्वांत मोठी नासाडी बरेचदा इमारतीतच राहून जाते. ती झाडूने गोळा होत नाही.

प्लास्टर १२ मिलिमीटर जाडीचं धरलेलं असतं. भिंत ओळंब्यात नसली की ती सरळ दिसावी म्हणून गवंडी मसाला चढवत जातो आणि जाडी २० मिलिमीटरवर जाते. १०० चौरस मीटर भिंतीला १.२ घनमीटरऐवजी २ घनमीटर मसाला लागतो, म्हणजे दोन तृतीयांश जास्त. नुकसान प्लास्टरच्या खात्यात दिसतं, पण चूक वीटकामाची होती. दुरुस्ती तिथेच करायला हवी: प्रत्येक थराला दोरी, ठरावीक उंचीला ओळंबा आणि प्लास्टर सुरू होण्याआधी ठिय्ये (जाडी दाखवणारे मसाल्याचे ठिपके) लावून जाडीची तपासणी.

स्लॅबचंही तसंच. १५० मिलिमीटरचा स्लॅब सरासरी १६० मिलिमीटरचा ओतला गेला तर १,००० चौरस मीटरला १० घनमीटर काँक्रीट जास्त जातं. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो असतं, म्हणजे इमारतीवर २४ टन विनाकारण चढले आणि त्यांचे पैसेही आपणच दिले. काँक्रीट ओतण्याआधी सेंटरिंगची, म्हणजे स्लॅब तोलून धरणाऱ्या साच्याची, लेव्हल तपासायला अर्धा-पाऊण तास जातो. एवढ्या कमी वेळात एवढा मोबदला देणारं दुसरं काम साइटवर क्वचितच असेल.

दिसणारा कचरा हाच कचरा, ही समजूत उत्पादन क्षेत्राने केव्हाच सोडली. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार मांडले. त्यांत वाट पाहणं, विनाकारण हलवाहलव, गरजेपेक्षा जास्त साठा हेही होतं. हा विचार बांधकामाला कसा लागू होतो, ते फिनलंडचे संशोधक लाउरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अहवालात मांडलं. पुढे ‘लीन कन्स्ट्रक्शन’ (नासाडी टाळून बांधकाम) नावाने जी शाखा वाढली, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे.

सळईचे तुकडे पडणारच ना? ते कसे टाळणार?

काही पडणारच. पण आज जेवढे पडतात त्यांतले बरेच कापण्याच्या पद्धतीमुळे पडतात. फिटर, म्हणजे सळई कापणारा-बांधणारा कारागीर, एका वेळी एकाच मापाची सळई कापत सुटतो. त्याला तेच सोपं जातं आणि त्याच्या हातात तेवढीच यादी दिलेली असते.

समजा, १२ मिलिमीटर व्यासाच्या ५.२ मीटरच्या ४०० आणि ३.४ मीटरच्या ६०० सळ्या हव्या आहेत. बार, म्हणजे बाजारातून येणारी अख्खी सळई, १२ मीटरचा. ५.२ चे दोन तुकडे निघतात आणि १.६ मीटर उरतं. म्हणजे २०० बार लागले. ३.४ चे तीन तुकडे निघतात आणि १.८ मीटर उरतं; आणखी २०० बार. एकूण ४००.

आता तीच यादी एकत्र पाहा. ५.२ अधिक ३.४ अधिक ३.४ म्हणजे बरोबर १२. असे ३०० बार कापले की ३.४ च्या सगळ्या सळ्या मिळाल्या आणि ५.२ च्या ३०० झाल्या. उरलेल्या १०० साठी आणखी ५० बार. एकूण ३५०. पन्नास बार वाचले. सळईचं मीटरमागे वजन किलोत काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागतात. त्या हिशोबाने १२ मिलिमीटरचा एक बार सुमारे १०.७ किलोचा. म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त स्टील वाचलं, आणि त्यासाठी लागला कागदावरचा थोडा विचार. प्रत्यक्षात बारची लांबी थोडी कमी-जास्त येते, म्हणून कापण्याआधी ती मोजून घ्यावी.

मालातून कमीत कमी तुकडे पडतील असं कसं कापायचं, हा गणितातला नावाजलेला प्रश्न आहे. सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्येच तो हाताळला होता आणि १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आज साध्या सॉफ्टवेअरमध्ये बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई, किती लांब, किती नग याची यादी) भरलं की कापणीचा तक्ता निघतो. तो तक्ता फिटरच्या हातात पडला पाहिजे, नाहीतर ऑफिसच्या संगणकातच राहतो.

उरलेले तुकडे लांबीप्रमाणे वेगवेगळ्या रॅकवर ठेवा. चेअर (वरच्या सळ्या उचलून धरणारा आधार), लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), छोट्या रिंगा यांसाठी आधी रॅक पाहायचा आणि मगच नवा बार कापायचा. तुकडे संपवण्यासाठी जोड वाढवायचे असतील तर ते कुठे आणि किती लांबीचे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणखी एक जागा: स्टील वजनावर विकत घेतलं जातं आणि लांबीवर वापरलं जातं. सळई हिशोबापेक्षा ३ टक्के जड निघाली तर त्याच पैशांत जवळजवळ ३ टक्के कमी लांबी मिळते. प्रत्येक गाडीतला एक मीटरचा तुकडा वजन करून नोंद ठेवली तर पुढचा ताळमेळ उगाच चुकल्यासारखा वाटत नाही.

रेडी मिक्स काँक्रीट दर वेळी उरतं. काय करावं?

शेवटच्या गाडीची ऑर्डर आधी देऊ नका. स्लॅबचा शेवटचा भाग उरला की तो टेपने मोजा आणि मग नेमकं प्रमाण कळवा. प्लांट किती लांब आहे त्यावर ही वेळ ठरते, म्हणून आदल्या दिवशीच त्यांच्याशी बोलून ठेवावं. पंपाच्या पाइपमध्ये किती काँक्रीट अडकून राहतं, तेही हिशोबात धरा.

एवढं करूनही थोडं उरतंच. त्यासाठी जागा तयार हवी: कव्हर ब्लॉकचे (सळई साच्याला टेकू न देणाऱ्या छोट्या ठोकळ्यांचे) साचे, तात्पुरत्या रस्त्याचा तुकडा, कुंपणाच्या खांबांचे खड्डे. साचे आधी मांडलेले नसले तर उरलेलं काँक्रीट जमिनीवर ओतलं जातं आणि पुढच्या आठवड्यात ब्रेकर लावून ते फोडायला पुन्हा मजुरी जाते. ताठर होत चाललेल्या काँक्रीटमध्ये पाणी घालून ते वापरायचं मात्र मुळीच नाही.

सिमेंट आणि वाळूत नुकसान कुठे होतं?

सिमेंटचं नुकसान ओलाव्याने होतं. जमिनीपासून उचललेल्या फळ्यांवर, भिंतीपासून अंतर ठेवून, दहापेक्षा जास्त गोण्यांची थप्पी न लावता आणि आधी आलेलं आधी निघेल अशा रीतीने ठेवावं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासणीशिवाय वापरू नये.

वाळूचा मुद्दा कमी लोकांच्या लक्षात येतो. किंचित ओली वाळू फुगते. ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास असला तर आकारमान २० ते ३० टक्के वाढू शकतं. आकारमानावर वाळू घेतली तर त्या फुगवट्याचेही पैसे जातात, आणि घमेल्याने मोजून मिश्रण केलं तर वाळू कमी पडून सिमेंटचं प्रमाण वाढतं. तपासणी सोपी आहे. उभ्या भांड्यात २०० मिलिमीटरपर्यंत ओली वाळू भरा, ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. वाळू १६० मिलिमीटरवर बसली तर फुगवटा २५ टक्के.

ढीग मोकळ्या मातीवर टाकला की खालचा थर मातीत जातो. साध्या काँक्रीटचा पातळ ओटा आणि तीन बाजूंना आडोसा यांचा खर्च थोड्याच दिवसांत भरून निघतो.

डिझाइनच्या टप्प्यावर काय करता येतं?

सर्वांत जास्त काही तिथेच करता येतं, आणि सर्वांत कमी खर्चात. ६०० मिलिमीटरची टाइल लावायची असेल तर प्लास्टर धरून ३ मीटरच्या खोलीत पाच टाइल्स पूर्ण बसतात. खोली ३.१ मीटरची झाली की प्रत्येक ओळीला एक टाइल कापावी लागते. दोन्ही बाजूंना सारखी पट्टी दिसावी म्हणून मधोमध मांडणी केली तर ३५० मिलिमीटरचे दोन तुकडे, म्हणजे ओळीला दोन टाइल्स कापल्या गेल्या. शंभर मिलिमीटरने खोली मोठी झाल्याचं राहणाऱ्याला जाणवतही नाही. ब्लॉकची उंची आणि लिंटेलची पातळी, प्लायवूडच्या शीटचं माप आणि बीमची खोली यांचंही असंच. आर्किटेक्टला निवडलेल्या मालाची मापं लवकर दिली तर ही जुळणी होते. बहुतेक वेळा मालाची निवड उशिरा होते आणि मग दोष टाइलवाल्यावर येतो.

भिंती फोडून पाइप टाकणं टाळता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. स्लॅब ओतण्याआधी प्लंबिंग, वायरिंग आणि स्ट्रक्चरची ड्रॉइंग एकावर एक ठेवून पाहा. जिथून पाइप जाणार तिथे स्लीव्ह (पाइपला वाट ठेवणारं नळकांडं) टाका. जुनं ड्रॉइंग साइटवरून परत घेतल्याशिवाय नवं देऊ नका. रद्द झालेल्या कागदावरून उभी राहिलेली भिंत हा सर्वांत दुःखदायक कचरा असतो, कारण काम करणाऱ्याची काहीही चूक नसते.

शटरिंगचं, म्हणजे काँक्रीटच्या साच्याचं, प्लायवूड लवकर का बाद होतं?

कडांतून पाणी शिरतं म्हणून, आणि पहारीने उपटलं जातं म्हणून. कापलेल्या कडांना रंग किंवा सीलर लावा, प्रत्येक वेळी शटरिंग ऑइल लावा, पॅनेलना नंबर द्या म्हणजे पुढच्या मजल्यावर तेच पॅनेल त्याच जागी बसेल आणि नवी कापणी होणार नाही. खिळे काढूनच फळ्या रचा. पायात घुसलेला खिळा हा फक्त खर्चाचा विषय नाही.

कचरा वेगवेगळा ठेवायला माणूस आणि जागा लागते. ते परवडतं का?

मिसळलेल्या कचऱ्याला किंमत नसते, उलट तो नेण्यासाठी आपल्याला पैसे द्यावे लागतात. वेगळं ठेवलेलं स्टील, तारा, ॲल्युमिनियम आणि पुठ्ठा विकता येतो. स्वच्छ वीट-काँक्रीटचा भराव होतो. शिवाय गाडीचं भाडं बहुधा फेरीवर असतं आणि न चपटवलेली खोकी, थर्माकोल, पोकळ ड्रम फेरी भरून टाकतात. अशी गाडी निम्मी हवा वाहून नेते.

जागा कमी असेल तर वेळ वाटून घ्या. एकाच शूटमधून (मजल्यावरून कचरा खाली सोडायच्या नळीतून) एका दिवशी फक्त वीट-ब्लॉकचे तुकडे, दुसऱ्या दिवशी फक्त लाकूड खाली पाठवा. मजल्यावर वेगवेगळ्या रंगांची पोती ठेवा. कचरा पडतो तिथेच वेगळा करणं स्वस्त पडतं. खाली ढीग झाल्यावर निवडायला बसवलेला माणूस महाग पडतो.

काय कधीच एकत्र करू नये?

जिप्सम आणि काँक्रीट. जिप्सममधल्या सल्फेटमुळे काँक्रीटचा चुरा पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही, आणि सेंद्रिय कचऱ्याबरोबर ओल्या, हवाबंद जागी जिप्सम गाडलं गेलं तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ॲस्बेस्टॉसचे पत्रे, शिशाचा जुना रंग असलेलं लाकूड, रसायनांचे डबे आणि ट्यूबलाइट यांना पहिल्या दिवसापासून वेगळी, झाकलेली जागा द्या. यातली एखादी वस्तू ढिगात गेली की सगळा ढीग धोकादायक ठरू शकतो आणि विल्हेवाटीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. ॲस्बेस्टॉस तर प्रशिक्षित माणसांखेरीज कोणी हलवूच नये. त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे राहतात.

जुनं काँक्रीट दळून पुन्हा वापरता येतं का?

हो. भराव, रस्त्याचा खालचा थर, फरशीखालचं साधं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक यांत ते चांगलं चालतं. दळलेल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती जास्त पाणी शोषते आणि मिश्रण नव्याने ठरवावं लागतं. स्ट्रक्चरल कामात वापरायचं तर चाचण्या आणि तिथल्या मानकाची परवानगी हवी. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात बांधकामाचा धोकादायक नसलेला किमान ७० टक्के कचरा २०२० पर्यंत पुनर्वापरात किंवा पुनर्प्राप्तीत आणण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. जपानने २००० मध्ये केलेल्या कायद्याने ठरावीक आकारावरच्या पाडकामांत काँक्रीट, डांबर आणि लाकूड वेगळं करणं बंधनकारक केलं. म्हणजे हे प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही.

खोदकामाच्या मातीचं काय?

खोदलेली माती सुटी होऊन फुगते, त्यामुळे खड्ड्याच्या मापापेक्षा गाड्या जास्त लागतात. भरावाला किती लागणार ते खोदण्याआधी काढा, तेवढीच आवारात ठेवा आणि ती पुन्हा हलवावी लागणार नाही अशा जागी ठेवा. वरचा सुपीक थर वेगळा राखा, बागकामाला तोच लागतो.

ठेकेदाराला आणि कामगारांना यात रस का असेल?

माल मालकाचा आणि ठेका फक्त मजुरीचा असेल तर अजिबात नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना चौरस मीटरवर पैसे मिळतात, माल वाचवायला वेळ जातो. म्हणून करारातच लिहा: नासाडीची मर्यादा किती, तिच्या वर गेल्यास भरपाई कशी आणि तिच्या खाली राहिल्यास बचतीतला किती हिस्सा ठेकेदाराला. तो हिस्सा कापणाऱ्या फिटरपर्यंत आणि गवंड्यापर्यंत पोचला पाहिजे. फक्त मुकादमाच्या हातात राहिला तर काही बदलत नाही.

मात्र बक्षिसाबरोबर तपासणी ठेवा. बचतीच्या नादात जोडाची लांबी कमी झाली किंवा मसाल्यात सिमेंट कमी पडलं तर ती बचत नव्हे.

लेखी कचरा आराखडा केला की पुरे का?

नाही. इंग्लंडमध्ये २००८ मध्ये ठरावीक खर्चावरच्या प्रकल्पांना असा आराखडा सक्तीचा झाला आणि २०१३ मध्ये ती सक्ती रद्दही झाली. आराखडा असावा, पण एका पानाचा: कोणता माल, किती नासाडी चालेल, कोण मोजणार, कोणत्या दिवशी. त्याखाली एका माणसाचं नाव हवं. ‘सगळ्यांची जबाबदारी’ असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही.

एकच घर बांधायचं आहे. एवढं सगळं झेपेल का?

सगळं नको. स्टीलचा कापणी तक्ता, वीटकामाचा ओळंबा आणि टाइल्सची मांडणी कागदावर, ही तीन कामं करा.

काम संपल्यावर उरलेला माल कसा मिटवावा?

ऑर्डर देतानाच न उघडलेली खोकी परत घेण्याची अट पुरवठादाराकडून लिहून घ्या; काम संपल्यावर विचारलं तर नकार मिळतो. शेवटच्या महिन्यात ऑर्डर लहान लहान द्या. टाइल्सची आणि रंगाची थोडी शिल्लक मात्र मुद्दाम ठेवा. पुढे एखादी टाइल फुटली आणि त्या बॅचची छटा बाजारात नसली तर अख्खी खोली उकरावी लागते. खोक्यावर बॅच नंबर, छटा आणि कोणत्या खोलीची टाइल आहे ते लिहा आणि हीच नोंद मालकाला ताबा देतानाच्या कागदांत जोडा.